उसातला बिबट्या : डोंगरात नेऊन सोडावा का?

गोदाकाठच्या सायखेडा परिसरात (ता. निफाड, जि. नाशिक) बिबट्या दिसला, की पाठोपाठ मागणी होते : पिंजरा लावा, त्याला पकडा आणि डोंगरात नेऊन सोडा. या मागणीमागची भीती खरी आहे. नाशिक, अहिल्यानगर आणि पुणे जिल्ह्यांत बिबट्याच्या हल्ल्यांत माणसे, विशेषतः लहान मुले, दगावली आहेत. पण बिबट्याचे घर डोंगरात आणि तो वाट चुकून शेतात आला, ही समजूत बरोबर आहे का, हे आपण आधी तपासू.

बिबट्याला तीन गोष्टी लागतात : लपायला आडोसा, पाणी आणि भक्ष्य. गोदावरीवरील नांदूर मधमेश्वरच्या बंधाऱ्यामुळे आणि कालव्यांमुळे या भागात बागायत वाढली, ऊस आला. आडसाली ऊस शेतात सोळा ते अठरा महिने उभा असतो. बिबट्याच्या मादीचा गर्भकाळ सुमारे तीन महिन्यांचा असतो आणि पिल्ले दीड-दोन वर्षे आईबरोबर राहतात. म्हणजे फडात जन्मलेले पिल्लू उसातच वाढते. डोंगर त्याने कधी पाहिलेलाच नसतो.

याला अभ्यासाचा आधार आहे. डॉ. विद्या अत्रेय आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी अकोले तालुक्यात शेतांमध्ये स्वयंचलित कॅमेरे लावले. २०१३ साली प्रसिद्ध झालेल्या निष्कर्षांनुसार तेथे दर १०० चौरस किलोमीटरमध्ये सुमारे ५ प्रौढ बिबटे होते. त्याच भागात दर चौरस किलोमीटरला ३०० हून अधिक माणसे राहत होती. बिबट्याच्या विष्ठेच्या तपासणीत आणखी एक गोष्ट कळली. त्याच्या अन्नात वजनाने सर्वांत मोठा वाटा, सुमारे ३९ टक्के, कुत्र्यांचा होता. शेळ्या कुत्र्यांच्या सातपट असूनही त्यांचा वाटा ११ टक्केच होता. शेळ्या राखणीत आणि रात्री कोंडलेल्या असतात, कुत्री मोकाट असतात, हे त्याचे संभाव्य कारण.

आता डोंगरात सोडण्याचा उपाय पाहू. जुन्नर भागात १९९३ ते २००१ या काळात माणसांवर वर्षाला सरासरी ४ हल्ले होत. त्यानंतर बिबटे पकडून दूरच्या जंगलांत सोडण्याची मोहीम झाली आणि ही सरासरी १७ वर गेली. असे का व्हावे? बिबट्या आपली हद्द राखून राहतो. अनोळखी मुलखात त्याला ना पाण्याची जागा ठाऊक असते, ना भक्ष्याची. शिवाय तेथील बिबटे त्याला टिकू देत नाहीत. मग तो भटकू लागतो. २००९ साली टाकळी ढोकेश्वरच्या विहिरीतून काढलेला ‘आजोबा’ नावाचा बिबट्या माळशेज घाटात सोडल्यावर सुमारे १२० किलोमीटर चालून मुंबईच्या राष्ट्रीय उद्यानापर्यंत गेला. इकडे उसातली त्याची रिकामी जागा दुसरा बिबट्या घेतो. म्हणून माणसावर हल्ला करणाऱ्या बिबट्याला पकडणे वेगळे आणि केवळ दिसला म्हणून पकडणे वेगळे.

जगाच्या पाठीवर घटत चाललेल्या या प्राण्याला १९७२ च्या वन्यजीव संरक्षण कायद्याने संरक्षण दिले. हिमालयातील हिमबिबट्याचीही बरीच वस्ती अभयारण्यांबाहेर, मेंढपाळांच्या कुरणांत आहे. तेथे लडाखमध्ये मेंढवाडे वरून जाळी टाकून बंदिस्त केले गेले, तर स्पितीतील किब्बर गावात गुरांचा विमा उतरवला गेला. दोन्ही ठिकाणी प्राणी हलवला नाही. माणसाचे नुकसान कमी केले.

आपल्याकडेही हेच करता येते. गोठ्याला जाळी आणि भक्कम दार हवे. मांसाचा टाकाऊ भाग आणि उकिरडे गावालगत नकोत. त्यावर कुत्री जमतात आणि कुत्र्यांमागे बिबट्या येतो. अंधार पडल्यावर मुलांना एकटे सोडू नये. उसाजवळ उघड्यावर शौचास बसू नये, कारण वाकलेला माणूस बिबट्याला लहान प्राण्यासारखा भासू शकतो. सर्वांत जास्त धोका ऊसतोड कामगारांच्या मुलांना असतो, कारण त्यांच्या कोप्या फडालगत उघड्यावर असतात. त्यांना उजेड, कुंपण आणि शौचालय मिळणे हे बिबट्याच्या रक्षणाचेच काम आहे. कारण मूल दगावले की त्या गावात बिबट्याची बाजू ऐकून घेणारे कोणी उरत नाही.

तोडणीत पिल्ले सापडली तर काम थांबवावे, त्यांना हाताळू नये, गर्दी करू नये आणि वन विभागाला कळवावे. पिल्ले त्याच जागी ठेवली तर मादी बहुधा रात्री येऊन त्यांना घेऊन जाते.

शाळेत करण्यासारखा एक उपक्रम आम्ही सुचवतो. विद्यार्थ्यांनी गावाचा नकाशा काढून त्यात ऊस, ओढे, उकिरडे, गोठे, दिवे नसलेले रस्ते आणि शाळेत येण्याच्या वाटा दाखवाव्यात. जेथे लपण, भक्ष्य आणि मुलांची वाट एकत्र येतात, तेथे खूण करावी. तो नकाशा ग्रामसभेपुढे ठेवावा. उपाय कोठून सुरू करायचे, ते त्यातूनच कळेल.