विमान फुल्ल, तरी कंपनी गुल!

दिवाळीला दिल्लीहून पुण्याला घरी यायचंय. सकाळी फोनवर तिकीट बघितलं, संध्याकाळी बघतो तर आकडा भलताच वाढलेला. ‘लुटतायत राव!’ असं तोंडातून निघतंच. पण मग एक सांगा, एवढी ‘लूट’ करूनही विमान कंपन्या बुडतात कशा? किंगफिशर 2012 मध्ये थांबली, जेट एअरवेज 2019 मध्ये आणि गो फर्स्ट 2023 मध्ये.

आधी तिकिटाचं बघू. विमानातली सीट म्हणजे मंडईतली मेथीची जुडी. आज विकली नाही तर उद्या तिला किंमत शून्य. म्हणून लवकर येणाऱ्याला स्वस्तात द्यायची आणि अडलेल्याकडून नंतर वसूल करायचं. तुमच्या शेजारी बसलेल्याने निम्मे पैसेही दिलेले असू शकतात!

आता खर्च. सगळ्यात मोठा घास इंधनाचा. ते जीएसटीत नाही, त्यामुळे प्रत्येक राज्याचा व्हॅट वेगळा. आपल्याकडे मुंबई-पुण्यात तो 25 टक्के होता, 2023 च्या अर्थसंकल्पात 18 वर आणला. दुसरं दुखणं डॉलरचं. तुम्ही तिकिटाचे पैसे रुपयांत देता, पण विमानाचं भाडं आणि सुटे भाग डॉलरमध्ये. रुपया घसरला की विमान फुल्ल असूनही हिशेब तोट्यात. त्यात विमानं जमिनीवर अडकली तर संपलंच. इंजिनं मिळत नसल्याने निम्म्याच्या आसपास विमानं उभी आहेत, असं सांगतच गो फर्स्टने दिवाळखोरीचा अर्ज केला होता. सगळं सुरळीत चाललं तरी जगभरातल्या कंपन्यांना एका प्रवाशामागे सरासरी मोजकेच डॉलर, म्हणजे काहीशे रुपयेच सुटतात.

मग 2006 मध्ये आलेली इंडिगो कशी टिकली? सुरुवातीची दहा वर्षं तिने एकाच जातीची विमानं ठेवली. त्यामुळे पायलटचं ट्रेनिंग एक, स्पेअर पार्ट एक, मेकॅनिकही तेच. शिवाय विमान उतरलं की झटपट साफसफाई करून पुन्हा हवेत. कारण उभं विमान कमावत नाही, भाडं मात्र चालूच राहतं.

यात आपलं काय जातं, असं वाटेल. जेट बंद पडली तेव्हा हजारो जणांची नोकरी एका फटक्यात गेली. पायलट किंवा केबिन क्रू व्हायचं म्हणून कर्ज काढून कोर्स करणाऱ्यांनी हे जरूर लक्षात ठेवावं. आणि प्रवासी म्हणून? आज देशातल्या दहापैकी जवळपास नऊ विमान प्रवासी इंडिगो किंवा एअर इंडिया समूहाकडेच जातात. बुडणाऱ्या प्रत्येक कंपनीबरोबर आपला एक पर्याय कमी होतो.

तेव्हा पुढच्या वेळी तिकीट काढताना नुसता आकडा बघू नका. त्या मार्गावर किती कंपन्या उडतात, तेही मोजा. तिकीट एवढं महाग का, याचं निम्मं उत्तर तिथेच मिळेल.