यकृताची रक्ततपासणी : रक्त काय सांगते आणि काय सांगत नाही

"आमच्या घरात मद्याला थारा नाही, मांसाचा तर प्रश्नच नाही, मग आमच्या यकृताला काय होणार?" हा प्रश्न आपल्या समाजातील वडीलधाऱ्या मंडळींकडून आम्ही इतक्या वेळा ऐकला आहे की, या स्मरणिकेत त्याचेच उत्तर सविस्तर द्यावे असे वाटले. निर्व्यसनी राहिल्याने यकृताचा एक मोठा शत्रू उंबरठ्याबाहेरच राहतो, हे खरे. परंतु यकृतास शत्रू एकच नाही. दिवसभर गादीवर बसणारा, पोटाचा घेर वाढलेला, मधुमेहाकडे झुकलेला शुद्ध शाकाहारी व्यापारीही आपल्या यकृतात चरबी साठवीत असतो. आणि ही साठवण वर्षानुवर्षे मुळीच दुखत नाही. अशा न दुखणाऱ्या विकाराचा सुगावा लागण्याचे एक सोपे साधन म्हणजे रक्ततपासणी. तिचा अहवाल कसा वाचावा आणि त्यावर किती विसंबावे, हे सांगण्याचा हा प्रयत्न आहे.

यकृत हे उजव्या बरगड्यांच्या आड असलेले, सुमारे दीड किलो वजनाचे इंद्रिय. अन्नातून आलेली साखर साठविणे, पित्त तयार करणे, औषधे व विषारी द्रव्ये निकामी करणे, रक्तातील महत्त्वाची प्रथिने घडविणे, अशी अनेक कामे ते एकटे करते. त्याची राखीव शक्ती मोठी आहे. निरोगी यकृताचा निम्म्याहून अधिक भाग शस्त्रक्रियेने काढला तरी उरलेला भाग वाढून काम सांभाळतो. हा गुण खरा. पण धोकाही त्यातच आहे. मोठे भांडवल असलेल्या पेढीची बुडीत खाती जशी बाहेरच्यास दिसत नाहीत, तशी यकृताची तूटही उशिरापर्यंत कोणास कळत नाही.

प्रयोगशाळेत या तपासणीस 'लिव्हर फंक्शन टेस्ट' अथवा 'एल.एफ.टी.' म्हणतात. म्हणजे यकृताच्या कार्याची तपासणी. हे नाव थोडेसे फसवे आहे. अहवालातील सारेच आकडे कार्य मोजीत नाहीत. काही आकडे यकृताच्या पेशींची हानी दाखवितात, काही पित्ताच्या वाटेतील अडथळा दाखवितात, आणि मोजकेच आकडे यकृत किती काम करीत आहे हे सांगतात. हे तीन भाग निरनिराळे वाचले म्हणजे अहवालाचा अर्थ लागतो.

पहिला भाग हानीचा. एस.जी.ओ.टी. आणि एस.जी.पी.टी. ही पेशींच्या आत काम करणारी विकरे होत. पेशींस इजा झाली की ती रक्तात पाझरतात. गोदामाची भिंत फुटली की आतील माल रस्त्यावर दिसू लागतो, तसाच हा प्रकार. १९५४ साली न्यूयॉर्क येथील लाड्यू, रोब्लेव्स्की आणि कारमेन यांनी हृदयविकाराच्या झटक्यानंतर रक्तातील एस.जी.ओ.टी. वाढते असे दाखविले. यकृताच्या विकारांतही ते वाढते हे पुढे लवकरच स्पष्ट झाले. एस.जी.ओ.टी. हृदयात व स्नायूंतही असते, एस.जी.पी.टी. मुख्यतः यकृतात. म्हणून यकृतापुरता दुसरा आकडा अधिक बोलका ठरतो. पुष्कळ प्रयोगशाळा दर लिटरला ४० युनिटांच्या आसपास मर्यादा छापतात. परंतु निरोगी माणसांचे आकडे पाहून अमेरिकेतील यकृततज्ज्ञांनी २०१७ साली एस.जी.पी.टी.ची खरी मर्यादा पुरुषांत २९ ते ३३ आणि स्त्रियांत १९ ते २५ मानावी असे सुचविले. आकडा हजाराच्या पुढे गेला, तर तीव्र कावीळ, औषधाची विषबाधा किंवा यकृताचा रक्तपुरवठा तुटणे यांचा विचार तातडीने करावा लागतो.

दुसरा भाग पित्तमार्गाचा. अल्कलाइन फॉस्फटेज वाढले असता पित्तनलिकेत खडा अथवा अन्य अडथळा असू शकतो. मात्र हे विकर हाडांतूनही येते. वाढत्या वयाच्या मुलांत आणि गरोदरपणाच्या अखेरच्या महिन्यांत ते वाढलेले असणे स्वाभाविक आहे. ते यकृताचे की हाडांचे, याचा निवाडा करण्यास गामा जी.टी. नावाची जोडतपासणी उपयोगी पडते.

बिलिरुबिन हे जुन्या तांबड्या रक्तपेशी मोडल्यावर तयार होणारे पिवळे द्रव्य. डेसिलिटरला सुमारे १.२ मिलिग्रॅमपर्यंत ते ठीक समजतात. अडीच-तीनच्या पुढे गेले की डोळे पिवळे दिसू लागतात. येथे आपल्या समाजाशी थेट संबंध असलेली एक गोष्ट सांगितली पाहिजे. शंभरांतील सुमारे पाच ते दहा माणसांत बिलिरुबिनचा निचरा जन्मतःच किंचित मंद असतो. १९०१ साली फ्रेंच वैद्य गिल्बर्ट यांनी याचे वर्णन केले, म्हणून त्यास त्यांचेच नाव मिळाले. ही अवस्था निरुपद्रवी आहे. परंतु उपवासाने अशा व्यक्तींचे बिलिरुबिन वाढते. पर्युषणात वा दशलक्षण पर्वात अनेक दिवसांचा उपवास केलेल्या श्रावकाने त्याच सुमारास रक्त तपासले आणि केवळ अप्रत्यक्ष बिलिरुबिन दोन-अडीच निघाले, तर घरात एकदम घबराट होते. अशा वेळी उपवासाची गोष्ट डॉक्टरांस अवश्य सांगावी, आणि पारण्यानंतर काही दिवसांनी तपासणी पुन्हा करावी. मात्र प्रत्यक्ष बिलिरुबिनही वाढले असेल, एस.जी.पी.टी. चढले असेल किंवा लघवी गडद पिवळी होत असेल, तर दोष उपवासावर ढकलून स्वस्थ बसू नये.

तिसरा भाग खऱ्या कार्याचा. अल्ब्युमिन हे प्रथिन यकृतच बनविते, डेसिलिटरला ३.५ ते ५ ग्रॅम हे त्याचे प्रमाण. ते रक्तात सुमारे वीस दिवसांनी निम्मे होते, म्हणून त्याची घट जुन्या आजाराकडे बोट दाखविते. याउलट, रक्त गोठण्यास लागणारा वेळ, म्हणजे प्रोथ्रॉम्बिन टाइम, यकृत बिघडले तर एक-दोन दिवसांतच वाढू शकतो. तीव्र काविळीत डॉक्टर याच आकड्याकडे अधिक लक्ष देतात. एस.जी.पी.टी. उतरत आहे आणि रक्त गोठण्याची वेळ मात्र वाढत आहे, अशी स्थिती असेल तर ती सुधारणा समजू नये. पाझरण्यास पेशीच उरल्या नाहीत, असाही तिचा अर्थ होऊ शकतो.

आता सर्वांत महत्त्वाचा मुद्दा. अहवालावर ठळक अक्षरांत एकही आकडा नसला म्हणजे यकृत निरोगी, असे समजणे चुकीचे आहे. चरबीमुळे यकृतात हळूहळू तंतू निर्माण होऊन ते कठीण होत जाते, आणि या काळात दोन्ही विकरे मर्यादेत असू शकतात. याचा अंदाज घेण्यासाठी २००६ साली 'फिब-४' नावाचे एक गणित पुढे आले. हिशेबात मुरलेल्या आमच्या वाचकांस ते सहज जमेल. वयास एस.जी.ओ.टी.ने गुणावे. मग एस.जी.पी.टी.चे वर्गमूळ काढून त्यास हजारांत मोजलेल्या प्लेटलेटच्या संख्येने गुणावे, आणि पहिल्या गुणाकारास या दुसऱ्याने भागावे.

समजा, ६४ वर्षांच्या एका गृहस्थांचे एस.जी.ओ.टी. ३८, एस.जी.पी.टी. ३६ आणि प्लेटलेट दीड लाख आहेत. छापील मर्यादेत सारेच बसते. परंतु ६४ गुणिले ३८ म्हणजे २४३२, ३६ चे वर्गमूळ ६, गुणिले १५० म्हणजे ९००, भागाकार २.७. हा आकडा १.३ च्या खाली असता तर धोका कमी मानला असता. २.६७ च्या वर गेल्यामुळे यकृततज्ज्ञांस दाखविणे आवश्यक ठरते. दोहोंच्या मध्ये असल्यास यकृताचा कठीणपणा मोजणारी फायब्रोस्कॅन तपासणी बहुधा सुचवितात. तीच दोन विकरे तशीच असलेल्या, पण वय ४० आणि प्लेटलेट तीन लाख असलेल्या गृहस्थांचा आकडा ०.८४ च येतो. हे गणित केवळ अंदाज आहे, निदान नव्हे. पस्तिशीच्या आतील व्यक्तींस ते नीट लागू पडत नाही. पासष्टीनंतर खालची मर्यादा २ धरतात. आणि तीव्र आजारात ते करूच नये.

काही गोष्टी तर एल.एफ.टी.त मुळीच येत नाहीत. हिपॅटायटिस बी आणि सी हे विषाणू रक्तावाटे, दूषित सुयांवाटे व आईकडून बाळास लागतात, आणि वर्षानुवर्षे मुकाट राहतात. त्यांची तपासणी वेगळी मागावी लागते. आयुष्यात एकदा तरी ती करून घ्यावी. 'बी' साठी लस आहे. 'सी' साठी लस नाही, परंतु तो बहुधा बारा आठवड्यांच्या गोळ्यांनी बरा होतो. २०१८ साली सुरू झालेल्या राष्ट्रीय कार्यक्रमात या दोहोंची तपासणी व उपचार सरकारी केंद्रांत विनामूल्य होतात.

औषधांविषयीही दोन शब्द. क्षयाच्या औषधांनी, अधिक मात्रेतील पॅरासिटामॉलने आणि काही वनस्पतींच्या काढ्यांनीही यकृतास इजा होऊ शकते. गुळवेल घेतलेल्या काही रुग्णांस यकृतदाह झाल्याची नोंद मुंबईच्या डॉक्टरांनी २०२१ साली प्रसिद्ध केली. आयुष मंत्रालयाने त्या निष्कर्षावर आक्षेप घेतला. वाद तज्ज्ञांवर सोपवू. पण आपण घेत असलेला प्रत्येक काढा, चूर्ण व गोळी डॉक्टरांस सांगण्यात कोणाचेच नुकसान नाही.

मग करावे काय? ज्यांस मधुमेह आहे, किंवा ज्यांच्या कमरेचा घेर पुरुषांत ९० आणि स्त्रियांत ८० सेंटिमीटरहून अधिक आहे, त्यांनी एल.एफ.टी.बरोबर प्लेटलेटची मोजणीही करून घ्यावी आणि वरील गणित डॉक्टरांकडून तपासून घ्यावे. जुने अहवाल टाकून न देता तारखेनुसार एकत्र ठेवावेत. कारण एका दिवसाच्या आकड्यापेक्षा पाच वर्षांची चाल अधिक सांगते. आरोग्य-शिबिरात मिळालेला कागद खिशातच घडी होऊन राहू नये. आणि उपाय हाताबाहेरचा नाही: वजन शेकडा पाचने उतरले तरी यकृतातील चरबी कमी होते, सात ते दहाने उतरले तर दाहही ओसरतो. त्यासाठी साखर, तळण व मिठाईस आवर आणि रोजचे चालणे एवढे तरी प्रत्येकास साधण्यासारखे आहे.

आपल्या धर्माने आपणांस मिताहार शिकविला, आणि आपल्या धंद्याने हिशेब शिकविला. व्रताच्या दिवशी पाळलेला संयम सणाच्या पंगतीत सुटू नये, आणि दुकानाच्या वह्यांस लावलेली शिस्त शरीराच्या नोंदींसही लागावी, एवढीच आमची सर्व सभासद बंधुभगिनींस नम्र विनंती आहे. जय जिनेंद्र.