खाड्याचा हिशेब

सकाळी 6.10

वाळूजचं बजाजनगर, मोरे चौकाजवळची गल्ली. पहिल्या पाळीच्या बस कोपऱ्यावर थांबतायत. डबे घेतलेली माणसं चढतायत. अर्ज भरून देणाऱ्या ताईंनी दुकानाचं शटर वर केलंय. गाळा आठ बाय दहाचा, भाडं सहा हजार. दोन कॉम्प्युटर, प्रिंटर, झेरॉक्स, लॅमिनेशनचं मशीन. एरवी ताई नऊला येतात. प्रवेशाच्या दिवसांत सहाला, कारण बाप लोक पाळीवर जाताजाता कागद ठेवून जातात.

एक जण प्लॅस्टिकची पिशवी काउंटरवर ठेवतो. "मार्कशीट, टीसी, आधार, सगळं आहे. पोरगी दहाला येईल."

"आधारला मोबाईल कुणाचा लिंक आहे?"

"माझाच."

"मग ओटीपी तुमच्याकडं येणार, दादा. तुम्ही लाइनवर असणार."

त्याच्या कंपनीत फोन लॉकरमध्ये ठेवावा लागतो. साडेतीनला सुटी. "चारला या," ताई म्हणतात. "तोवर बाकीचं करून ठेवते." बसचा हॉर्न वाजतो. तो पळतो.

सकाळी 8.30

स्कॅनिंग. महाडीबीटी या शिष्यवृत्तीच्या पोर्टलला कागद 256 केबीच्या आत लागतो. फोटो काढून आणलेली मार्कशीट तीन एमबीची असते. ताई ती पुन्हा स्कॅन करतात, कडा कापतात, आकार कमी करतात, मग मोठी करून बघतात. शिक्का वाचता येतोय का? नाही. पुन्हा. एका दाखल्याला पाच मिनिटं गेली. याचे दहा रुपये.

घाई का नको, ते त्या सांगतात. पुसट दाखला अपलोड झाला की तपासणीत अर्ज परत येतो. मुलाला कळतं उशिरा. तोवर तारीख उलटलेली असते.

सकाळी 10.40

मुलगी आली. बारावी सायन्स झालेली, सीईटी दिलेली, ओबीसी. शेजारच्या स्टुलावर एका मुलाची आई बसलीय. तिचं ऐकण्याकडं लक्ष आहे.

2024-25 पासून ओबीसी, ईडब्ल्यूएस आणि एसईबीसीतल्या मुलींना, घरचं उत्पन्न आठ लाखांच्या आत असेल तर, व्यावसायिक अभ्यासक्रमाची शिकवणी फी आणि परीक्षा फी पूर्ण माफ आहे. प्रवेश कॅप, म्हणजे केंद्रीभूत प्रवेशाच्या फेरीतून पाहिजे. खाजगी विद्यापीठ त्यात बसत नाही, मॅनेजमेंट कोटा बसत नाही. ताई हे रोज सांगतात. तरी कुणीतरी एजंटाला ॲडव्हान्स देऊन मग येतं.

"आणि माझ्या पोराला?" आई विचारते. तीही ओबीसी.

"त्याला निम्मी."

आई बोटांवर काहीतरी मोजते. घरी बारावीची मुलगीही आहे, पुढच्या वर्षी.

दुपारी 12.15

ठेकेदाराकडचा कामगार. रोज 560. आज त्याने खाडा केलाय, या आठवड्यातला दुसरा. मुलाच्या नॉन-क्रिमिलेयर दाखल्याची मुदत 31 मार्चला संपली, नवीन काढायचाय. त्यासाठी तीन वर्षांच्या उत्पन्नाचा पुरावा लागतो. पगाराची स्लिप ठेकेदार देत नाही, म्हणून तलाठ्याचा अहवाल. परवा तलाठी भेटले नाहीत. आज भेटले. सरकारी कचेऱ्या 2020 पासून शनिवार-रविवार बंद. त्याची सुटी रविवारची. म्हणजे दाखल्याचं प्रत्येक काम खाडा पाडूनच.

मला विचाराल तर बजाजनगरात शिक्षणाचा पहिला हप्ता हाच. दोन खाड्यांचे 1,120 गेले. फीचा आकडा त्याला अजून माहीतसुद्धा नाही.

अर्जाची पावती तो शर्टाच्या आतल्या खिशात ठेवतो. वरच्या खिशात घामाने भिजते म्हणतो.

दुपारी 2.00

लाइट गेली. ताईंनी डबा उघडला. ज्वारीची भाकरी, शेंगदाण्याची चटणी.

दुपारी 4.05

सकाळचा बाप आला. बोटांच्या पेरांत अजून काळं ऑइल. ओटीपी आला, अर्ज पुढं सरकला. आता पर्याय भरायचे. कॉलेजांचा क्रम. दिवसातलं सगळ्यात अवघड काम हेच, आणि ताई इथं घाई करू देत नाहीत.

मुलीला पुण्याचं एक कॉलेज पाहिजे, कॉम्प्युटर. बाप म्हणतो, उस्मानपुऱ्यातलं शासकीय अभियांत्रिकी टाक, मेकॅनिकल. 1960 पासूनचं कॉलेज, घरून जाणं-येणं. "वाळूजला कंपन्याच कंपन्या आहेत."

"तुम्ही वीस वर्षं मशीनवर उभे आहात, पप्पा."

बाप गप्प.

ताई रद्दी झेरॉक्सच्या पाठीवर लिहितात. पुणे: शिकवणी फी माफ. डेव्हलपमेंट फी माफ नाही. होस्टेल, धरा साठ हजार. मेस महिन्याला साडेतीन, दहा महिन्यांचे पस्तीस. वर्षाला पंचाण्णव, वर डेव्हलपमेंट फी, पुस्तकं, जाणं-येणं. बापाच्या हातात महिना एकवीस हजार पडतात. त्या कागद दोघांच्या मध्ये सरकवतात आणि दुसऱ्या गिऱ्हाइकाची झेरॉक्स काढायला उठतात. मुद्दाम.

परत येतात तेव्हा मुलगी बोलते. "इथल्याच खाजगी कॉलेजला कॉम्प्युटर मिळालं तर?"

"तर शिकवणी फी माफ आणि घरचा डबा."

क्रम ठरतो. आधी शासकीयचं कॉम्प्युटर. कट-ऑफ तिच्यापेक्षा वर आहे, पण मागायला काय हरकत? मग शासकीयचं इलेक्ट्रिकल, मग शहरातली दोन खाजगी, कॉम्प्युटर. पाचवं पुणे. मेकॅनिकल यादीत नाही. बाप यादी दोनदा वाचतो, मान हलवतो. ताई बजावतात, पहिला पर्याय मिळाला तर तो आपोआप फ्रीझ होतो, पुढच्या फेरीत बसता येत नाही. "पहिल्या नंबरला नको असलेलं काही नाही ना?" नाही. सबमिट. एकशे वीस रुपये.

संध्याकाळी 7.10

पहिली पाळी सुटून जेवून आलेली माणसं. आता प्रश्न पैशांचे. एकाला पीएफमधून ॲडव्हान्स काढायचाय, मुलाच्या शिक्षणाचं कारण. दुसऱ्याला शैक्षणिक कर्ज. चार लाखांपर्यंत स्वतःचा वाटा भरावा लागत नाही, साडेसात लाखांपर्यंत तारण लागत नाही, हे ताई सांगतात. सहकर्जदार मात्र पालक लागतो. "माझी सही चालेल ना? कंत्राटी आहे मी." ताई खोटा धीर देत नाहीत. "बँक विचारील. प्रवेशाचं पत्र आणि फीचा तक्ता घेऊन जा, तोंडी बोलू नका."

रात्री 8.05

फोन. दुसऱ्या पाळीची जेवणाची सुटी झालीय. पलीकडं ताटांचा आवाज. "ताई, पाठवा ओटीपी, वीस मिनिटं आहेत." ताई बटण दाबतात. तो आकडे वाचतो, त्या टाइप करतात. चुकलं. पुन्हा. झालं. याचा खाडा वाचला.

रात्री 9.40

वही. जमा 1,840. कागदाचं रिम 260, मदतीला येणाऱ्या मुलाचे तीनशे, चहा साठ. भाड्याचे रोजचे दोनशे बाजूला. टोनर या आठवड्यात भरावं लागेल. उधारी तीन नावं, तिघंही ठेक्यावरचे. त्यांचा पगार सात तारखेला होतो, आठला पैसे येतात. आजवर एकानेही बुडवले नाहीत, असं ताई सांगतात.