चारला शटर, चौऱ्याऐंशी दिवस आणि आमची आजी



या महिन्याच्या भित्तिपत्रकाचा विषय 'आरोग्य' आहे. गुरुजी म्हणाले, "पुस्तकातलं उतरवू नका. घरात विचारा आणि मग लिहा." म्हणून मी घरी विचारलं, "कोरोनाच्या वेळी लोक एवढे का चिडले होते?" बाबा म्हणाले, "कोणत्या दिवशीचं सांगू?" तेव्हा मी तिसरीत होतो. काही आठवतं, काही बाबांनी व आशाताईंनी सांगितलं. त्यावरून हा लेख लिहिला आहे.

माझ्या बाबांचं शिवणकामाचं दुकान आहे. दुसरी लाट ओसरल्यावर ७ जून २०२१ पासून आपल्या राज्यात निर्बंध टप्प्याटप्प्याने सैल होऊ लागले. त्यासाठी पाच स्तर केले होते. जिल्हा कोणत्या स्तरात हे दोन गोष्टींवरून ठरे. पहिली, शंभर तपासण्यांत किती जण बाधित निघाले. शंभरात पाच निघाले तर पाच टक्के. दुसरी, दवाखान्यातल्या ऑक्सिजनच्या खाटांपैकी किती भरल्या आहेत. बाधित पाच टक्क्यांच्या आत आणि खाटा पंचवीस टक्क्यांच्या आत भरलेल्या असतील तर पहिला स्तर, म्हणजे जवळजवळ सगळं खुलं. बाधित पाच ते दहा टक्के असले किंवा खाटा चाळीस टक्क्यांच्या वर भरल्या तर तिसरा स्तर. आकडे वाढले की चौथा, पाचवा.

एकदम सगळं का उघडलं नाही? आपण गोदाकाठची माणसं आहोत, आपल्याला हे लवकर कळेल. पैठणच्या जायकवाडी धरणाला २७ दरवाजे आहेत. धरण भरलं म्हणून सगळे दरवाजे एकदम पूर्ण उघडले तर खालच्या गावांत पाणी शिरेल. म्हणून ते थोडे थोडे उचलतात आणि खाली पाणी किती चढतं ते बघतात. निर्बंधांचंही तसंच होतं. एकाच वेळी फार माणसं आजारी पडली तर खाटा आणि ऑक्सिजन पुरणार नाही, ही भीती होती.

कारण बरोबर होतं. मग राग कशाचा?

ऑगस्ट २०२१ च्या सुरुवातीला नवा आदेश आला. राज्यातल्या २२ जिल्ह्यांत दुकानं रात्री आठपर्यंत उघडी ठेवायला परवानगी मिळाली. मुंबई, मुंबई उपनगर व ठाणे यांचा निर्णय तिथल्या अधिकाऱ्यांवर सोडला. ११ जिल्हे मात्र तिसऱ्याच स्तरावर राहिले. त्यात आपला बीड जिल्हा होता. गोदावरीच्या पुलापलीकडे शहागड, जालना जिल्हा. तिथे दुकान आठपर्यंत. पुलाच्या अलीकडे आपण. इथे शटर चारला खाली, आणि शनिवार-रविवार जीवनावश्यक सोडून सगळं बंद.

बाबा म्हणाले, "शेतातून माणूस येतो सहा वाजता. दुकान बंद चारला. मग माप द्यायला कोण येणार? नदीचं पाणी एकच, वारा एकच. रोग काय पुलावर थांबून जिल्हा विचारतो का?"

त्यात शाळा बंद. शाळा बंद म्हणून गणवेशाचं काम बंद. लग्नं थोडक्यात उरकायची, म्हणून लग्नाचे कपडे नाहीत. म्हणजे दुष्काळात तेरावा महिना. आईने त्या पावसाळ्यात दुसऱ्याच्या रानात खुरपणीला जाऊन घर चालवलं. हे ती कधी बोलत नाही. मीच विचारलं म्हणून सांगितलं.

मग १५ ऑगस्टपासून आणखी सूट मिळाली. दुकान रात्री दहापर्यंत चालेल, पण एक अट. दुकानात काम करणाऱ्या सगळ्यांचे लसीचे दोन डोस झालेले हवेत आणि दुसऱ्या डोसानंतर १४ दिवस गेलेले हवेत. ऐकायला सोपं वाटतं. पण गुरुजींनी आम्हाला फळ्यावर हिशेब करायला लावला. तुम्हीही वहीत करून बघा.

आपल्या केंद्रावर कोव्हिशील्ड मिळत होती. तिच्या दोन डोसांत आधी ६ ते ८ आठवड्यांचं अंतर होतं. मे २०२१ मध्ये ते १२ ते १६ आठवडे झालं, म्हणजे कमीत कमी ८४ दिवस. ८४ आणि १४ मिळून ९८ दिवस. १५ ऑगस्टपासून ९८ दिवस मागे मोजले की तारीख येते ९ मे. म्हणजे ज्याला १५ ऑगस्टला दुकान दहापर्यंत ठेवायचं होतं, त्याने पहिला डोस ९ मेपर्यंत घेतलेला हवा.

माझे बाबा तेव्हा ३६ वर्षांचे होते. १८ ते ४४ वयाच्या लोकांची लस १ मेला सुरू झाली खरी, पण साठा अगदी थोडा होता. त्यामुळे १२ मेपासून राज्यात ती थांबवून ४५ वर्षांवरच्यांच्या दुसऱ्या डोसाकडे वळवली. पुन्हा १८ वर्षांवरच्या सगळ्यांना २२ जूनपासून मिळू लागली. बाबा दोन वेळा पहाटे रांगेत उभे राहून हात हलवत परत आले. तिसऱ्या खेपेला, ३० जूनला, पहिला डोस मिळाला. ३० जून अधिक ८४ दिवस म्हणजे २२ सप्टेंबर. त्यात १४ दिवस मिळवले की ६ ऑक्टोबर. पोळा गेला, गणपती आले आणि गेले. बाबांच्या दुकानाला संध्याकाळ मिळाली ती थेट घटस्थापनेला!

बाबा म्हणतात, "मी लस नको म्हणत नव्हतो. मी लस मागत होतो. नियम करणाऱ्याने आमचे दिवस मोजले नाहीत, एवढंच माझं म्हणणं."

८४ दिवसांचं अंतर तरी का? आशाताईंनी समजावलं. पहिल्या डोसाने शरीराला रोगाच्या विषाणूची ओळख होते. दुसऱ्याने ती ओळख पक्की होते. पाढा पाठ केल्यावर काही दिवसांनी पुन्हा म्हटला की जास्त टिकतो, तसं. कोव्हिशील्डच्या अभ्यासात अंतर वाढवल्यावर संरक्षण चांगलं मिळतं असं दिसलं होतं. पण त्याच वेळी लसीची टंचाईही होती. त्यामुळे 'लस नाही म्हणून दिवस वाढवले' असं लोक म्हणू लागले. कारण नीट सांगितलं नाही की माणूस आपलं कारण आपणच शोधतो.

आता आमच्या घरातली गंमत ऐका. बाबांना लस हवी होती तर मिळत नव्हती. आजी ६८ वर्षांची. तिला १ मार्च २०२१ पासून मिळत होती, तर ती घेत नव्हती! "ताप येतो. माणूस दोन वर्षांत जातो म्हणतात. मला नाही टोचायचं," असं म्हणून ती आशाताई दिसल्या की मागच्या दाराने गोठ्यात जायची.

नोव्हेंबर २०२१ मध्ये शेजारच्या तेव्हाच्या औरंगाबाद, म्हणजे आताच्या छत्रपती संभाजीनगर जिल्ह्यात आदेश निघाला की निदान एक डोस घेतल्याशिवाय रेशन, गॅस आणि पेट्रोल मिळणार नाही. तिथे पहिला डोस सुमारे ५५ टक्के लोकांनीच घेतला होता. राज्यात तेव्हा ७४ टक्क्यांच्या आसपास झाले होते. त्या आदेशाने केंद्रांवर गर्दी वाढली, तसा रागही वाढला. रेशन हक्काचं आहे, ते कसं अडवता, असं लोक विचारू लागले. आजीच्या कानावर हे आलं तेव्हा ती म्हणाली, "अडवू द्या. मी भाकरी मिठासंगं खाईन." म्हणजे धाकाने आमची आजी हलली नाही.

हलली ती अशी. त्याच महिन्यात 'हर घर दस्तक' ही घरोघरची मोहीम सुरू झाली होती. आशाताई आणि नर्सबाई दिवेलागणीला, आजी रानातून आल्यावर घरी आल्या. नर्सबाई खाली चटईवर बसल्या, चहा घेतला. त्यांनी आजीच्या दंडावरचा जुना वण बघितला आणि विचारलं, "आजी, हे काय?"

"देवी टोचल्या होत्या लहानपणी."

"तेव्हा भ्याला नव्हता?"

"भ्याले होते की! कणगीत लपले होते. बापाने ओढून काढलं."

"मग आता देवीचा रोगी कुठं दिसतो का?"

आजी गप्प बसली. खरंच दिसत नाही. आपल्या देशात देवीचा शेवटचा रोगी १९७५ मध्ये सापडला आणि १९८० मध्ये जगातूनच देवी गेल्याचं जाहीर झालं. नर्सबाईंनी खोटं आश्वासन दिलं नाही. त्या म्हणाल्या, "ही लस घेतली तरी कोरोना होऊ शकतो. पण जीवावर बेतायची शक्यता खूप कमी होते. एखादा दिवस ताप येईल, अंग दुखेल. उद्या सकाळी मी स्वतः बघायला येते." आजीने पदर सावरून दंड पुढे केला. रात्री ताप आला. सकाळी नर्सबाई खरंच आल्या.

थोडक्यात तारखा
१६ जानेवारी २०२१ : देशात लसीकरण सुरू
७ जून २०२१ : राज्यात पाच स्तर
१५ ऑगस्ट २०२१ : दोन डोसांच्या अटीवर दुकानं रात्री दहापर्यंत
४ ऑक्टोबर २०२१ : ग्रामीण भागात पाचवीपासून शाळा सुरू
१ डिसेंबर २०२१ : ग्रामीण भागात पहिली ते चौथी सुरू
२ एप्रिल २०२२, गुढीपाडवा : राज्यातले सगळे निर्बंध उठले

मित्रांनो, मला यातून एक गोष्ट कळली. चिडलेला माणूस अडाणी असतोच असं नाही. बाबा चिडले कारण हिशेब जुळत नव्हता. आजी अडली कारण कुणी शेजारी बसून सांगितलं नव्हतं. नियम लागतात, लसही लागते. पण नियमाबरोबर कारण सांगावं लागतं आणि लस दारापर्यंत न्यावी लागते.

१ डिसेंबरला मी शाळेत आलो तेव्हा माझा गणवेश आखूड झाला होता. बाबांनी आदल्या रात्री दुकानात बसून खालची दुमड उसवली आणि पँट दोन बोटं लांब करून दिली. तेव्हा रात्रीचे नऊ वाजले होते आणि शटर पूर्ण वर होतं.

— इयत्ता सातवी