रिकव्हरी पार्टिशन उडवायचंय? आधी पेनड्राइव्ह काढा!

बसमध्ये किंवा लोकलमध्ये असाल तर हा भाग नुसता ऐका. लॅपटॉपवर हात चालवायचा तो घरी गेल्यावर, चार्जर लावून.

गेल्या आठवड्यात मावसभावाची व्हॉइस नोट आली. "दादा, सी ड्राइव्ह लाल झालाय. १२८ जीबीची एसएसडी, त्यात १५ जीबी रिकव्हरीनेच अडवलेत. उडवू का?" मी म्हटलं, "थांब, हात लावू नकोस."

कारण हाच उद्योग मी बीटेकच्या दुसऱ्या वर्षाला केला होता, तोही ताईच्या लॅपटॉपवर. बॅकअप न घेता पार्टिशन उडवलं, जागा मिळाली, मी खूश. चार महिन्यांनी विंडोज सुरूच होईना. रिकव्हरीची की दाबतोय, काही येत नाही. येणार कुठून, मीच पुसलं होतं ना! शेवटी मित्राच्या मशीनवर पेनड्राइव्ह बनवून विंडोज नव्याने टाकलं. तर वायफायचा ड्रायव्हर गायब. ड्रायव्हरसाठी नेट हवं आणि नेटसाठी ड्रायव्हर! या गडबडीत ताईच्या प्रोजेक्ट रिपोर्टचा ड्राफ्ट गेला. तिने रात्रभर बसून तो परत टाइप केला. मला एक शब्द बोलली नाही, तेच जास्त लागलं.

कोणतं पार्टिशन कशाचं?

डिस्क मॅनेजमेंट उघडलं की सी ड्राइव्हच्या आजूबाजूला छोटे-मोठे तुकडे दिसतात. ईएफआय नावाचा तुकडा साधारण १०० ते २६० एमबीचा. लॅपटॉप सुरू होतो तो याच्यावरून, त्यामुळे त्याला कधीच हात लावायचा नाही. दुसरा तुकडा विंडोजच्या स्वतःच्या रिकव्हरीचा, म्हणजे विनआरई. हा साधारण ५०० एमबी ते १ जीबीचा असतो. विंडोज बिघडलं की येणारा निळा दुरुस्तीचा पडदा इथूनच येतो. जानेवारी २०२४ मध्ये विंडोज १० चं एक सिक्युरिटी अपडेट बऱ्याच जणांकडे फेल होत होतं. का, तर या तुकड्यात २५० एमबी जागा मोकळी नव्हती. म्हणजे हाही ठेवायचा.

तिसरा असतो लॅपटॉप बनवणाऱ्या कंपनीचा, १० जीबी किंवा त्याहून मोठा. त्यात फॅक्टरीतून निघालेलं विंडोज, ड्रायव्हर आणि कंपनीची ॲप्स असतात. आपल्याला हवी आहे ती ही जागा. पण लक्षात घ्या, यात तुमचे फोटो, असाइनमेंट काहीही नसतं.

आधी बॅकअप

एक: स्वतःच्या फाइल्स वेगळ्या डिस्कवर किंवा क्लाउडवर टाका.

दोन: स्टार्टमध्ये 'रिकव्हरी ड्राइव्ह' शोधा. सिस्टिम फाइल्सचा बॅकअप घेण्याची खूण चालू ठेवा. किमान १६ जीबीचा पेनड्राइव्ह लागेल, ३२ चा घेतलात तर उत्तम. त्यातलं जुनं सगळं पुसलं जातं, हे विसरू नका. फॅक्टरीतलं जसंच्या तसं विंडोज हवं असेल, तर कंपनीचं स्वतःचं रिकव्हरी टूल वापरा, किंवा क्लोनझिलाने त्या पार्टिशनची इमेज बाहेरच्या डिस्कवर घ्या.

तीन: ड्रायव्हर वेगळे काढा. ॲडमिन म्हणून कमांड प्रॉम्प्ट उघडून डिसम कमांडला एक्स्पोर्ट-ड्रायव्हर सांगितलं की सगळे एका फोल्डरमध्ये येतात. तो फोल्डरही लॅपटॉपबाहेर ठेवा.

चार: बिटलॉकर चालू असेल तर ४८ आकडी रिकव्हरी की कागदावर लिहून ठेवा.

पाच, आणि हे कुणीच करत नाही: त्या पेनड्राइव्हवरून लॅपटॉप सुरू करून बघा. दुरुस्तीचा पडदा आला की बाहेर पडा, पुढे जाऊ नका.

मग उडवा

आधी कमांड प्रॉम्प्टमध्ये रीएजंटसी इन्फो चालवा. विनआरई कोणत्या नंबरच्या पार्टिशनवर आहे ते दिसतं. तो नंबर कंपनीच्याच मोठ्या पार्टिशनचा निघाला तर इथेच थांबा. ते उडवलंत तर दुरुस्तीचा पडदाही जाईल.

नंबर वेगळा असेल तर पुढे. डिस्क मॅनेजमेंटमध्ये या पार्टिशनवर डिलीट येत नाही, म्हणून डिस्कपार्ट लागतं. क्रम असा: लिस्ट डिस्क, सिलेक्ट डिस्क, लिस्ट पार्टिशन, सिलेक्ट पार्टिशन आणि शेवटी डिलीट पार्टिशन ओव्हरराइड. शेवटच्या एंटरआधी नंबर आणि साइज दोनदा वाचा. डिस्कपार्ट "नक्की का?" असं विचारत नाही.

एक गोची आहे. मोकळी जागा सी च्या लगेच उजवीकडे असेल तरच 'एक्स्टेंड व्हॉल्यूम' चालतं. मध्ये विनआरई आलं की पर्याय करडा दिसतो. अशा वेळी त्या जागेचा सरळ वेगळा ड्राइव्ह बनवा.

लायसन्सची काळजी नको. विंडोज ८ पासून लॅपटॉपसोबत आलेल्या विंडोजची की सहसा फर्मवेअरमध्येच असते. तीच एडिशन परत टाकली की नेट मिळताच ॲक्टिव्हेट होते.

मावसभावाचं काय झालं? पाचव्या पायरीला त्याचा पेनड्राइव्ह सुरूच झाला नाही, खराब निघाला. आधी पार्टिशन उडवलं असतं तर? मग दुसरा आणला, तो चालला. मध्ये विनआरई होतं म्हणून १५ जीबीचा वेगळा ड्राइव्ह केला आणि डाउनलोड्स तिकडे हलवले. पेनड्राइव्हवर नाव लिहून तो आता मावशीच्या कपाटात आहे.

तुमचा कुठे ठेवणार? व्हॉइस नोट पाठवून सांगा. भेटू पुढच्या भागात!