नवीन शासकीय रुग्णालये : मान्यता, निधी आणि विलंब
(नागपूर शहराच्या विशेष संदर्भात)

प्रस्तावना :
कल्याणकारी राज्याच्या संकल्पनेत सार्वजनिक आरोग्यसेवेला मध्यवर्ती स्थान आहे. भारतीय राज्यघटनेच्या ४७ व्या अनुच्छेदाने सार्वजनिक आरोग्यात सुधारणा करणे हे राज्याच्या प्राथमिक कर्तव्यांपैकी एक मानले आहे. सामान्य नागरिकाला मात्र या कर्तव्याचा प्रत्यय येतो तो रुग्णालयात वेळेवर मिळालेल्या खाटेतून. नागपूरच्या ईशान्येकडील कळमना परिसराचे उदाहरण या दृष्टीने बोलके आहे. येथील कृषी उत्पन्न बाजार समितीच्या आवारात विदर्भातील संत्री, धान्य व मिरची विक्रीस येते. हमाल, मापारी, अडते, ट्रकचालक आणि माल घेऊन आलेले शेतकरी यांची तेथे सतत वर्दळ असते. पोत्याखाली सापडून हाड मोडले किंवा छातीत कळ आली, तर यांपैकी बहुतेकांची वाट ‘मेयो’ वा ‘मेडिकल’कडेच जाते. मेयो रुग्णालयाची परंपरा १८६२ पर्यंत मागे जाते, तर शासकीय वैद्यकीय महाविद्यालय १९४७ चे आहे. त्यानंतर शहर कित्येक पटींनी विस्तारले. विदर्भाबरोबरच मध्य प्रदेश व छत्तीसगडमधील रुग्णांचा भारही या दोन संस्थांवर आहे. नवीन रुग्णालयांच्या घोषणा झाल्या नाहीत असे नाही. घोषणा आणि खाट यांमधील काळ इतका का लांबतो, याचा विचार प्रस्तुत लेखात केला आहे.

मान्यतेची साखळी :
शासनाने रुग्णालय ‘मंजूर’ केले असे वृत्त येते, तेव्हा साधारणतः त्याचा अर्थ तत्त्वतः अथवा प्रशासकीय मान्यता एवढाच असतो. त्यानंतर जागेचे हस्तांतरण, सार्वजनिक बांधकाम विभागाचे अंदाजपत्रक, तांत्रिक मान्यता, निविदा आणि कार्यारंभ आदेश असे टप्पे येतात. अंदाजपत्रक ज्या वर्षाच्या दरसूचीवर बेतलेले असते, ते वर्ष निविदा निघेपर्यंत मागे पडलेले असते. मग खर्च वाढतो, सुधारित प्रशासकीय मान्यता घ्यावी लागते आणि नस्ती पुन्हा मंत्रालयाची वाट धरते. विलंबामुळे खर्च वाढतो आणि वाढीव खर्चाच्या मान्यतेसाठी आणखी विलंब होतो, असे हे चक्र आहे. प्रधानमंत्री स्वास्थ्य सुरक्षा योजनेतील पहिल्या सहा एम्स संस्थांसाठी प्रत्येकी ३३२ कोटी रुपयांचा अंदाज होता. २०१० मध्ये तो ८२० कोटींवर गेला. केंद्राच्या योजनेची ही गत, तर राज्याच्या तिजोरीवरील ताण वेगळा सांगावयास नको.

निधीचे विभाजन :
तथापि केवळ पैशाचा अभाव हे कारण अपुरे वाटते. खरा प्रश्न पैसा कोणत्या कप्प्यातून येतो, हा आहे. रुग्णालयाची इमारत ४२१० या भांडवली लेखाशीर्षातून उभी राहते, तर डॉक्टर, परिचारिका, औषधे व वीजदेयक यांचा भार २२१० या महसुली लेखाशीर्षावर पडतो. इमारत हा एकदाचा खर्च असतो. पदनिर्मिती हे मात्र कायमचे दायित्व असल्याने वित्त विभाग आणि उच्चस्तरीय सचिव समिती यांच्याकडे ते अधिक काटेकोरपणे तपासले जाते. यंत्रसामग्रीची खरेदी हा तिसराच प्रवाह. ही खरेदी २०१७ पासून हाफकिन महामंडळाकडे होती; पुढे २०२३ च्या कायद्यान्वये स्वतंत्र वैद्यकीय वस्तू खरेदी प्राधिकरण स्थापन झाले. हे तीनही प्रवाह एकाच दिवशी एकाच इमारतीत येऊन मिळतील, अशी व्यवस्था आपल्या अर्थसंकल्पीय पद्धतीत अंगभूत नाही. त्यामुळे इमारत सज्ज आणि पदे मंजूर नाहीत, किंवा पदे मंजूर पण भरती नाही, असे प्रसंग वारंवार उद्भवतात. त्यातच वार्षिक तरतूद प्रकल्पाच्या किमतीच्या मानाने अल्प असते, आणि उशिरा वितरित झालेला निधी मार्चअखेर खर्ची न पडल्यास परत जातो. राष्ट्रीय आरोग्य धोरण २०१७ ने राज्यांनी २०२० पर्यंत आपल्या अर्थसंकल्पाच्या ८ टक्क्यांहून अधिक रक्कम आरोग्यावर खर्च करावी, असे उद्दिष्ट ठेवले होते. महाराष्ट्र त्यापासून बराच दूर राहिला, हे खरे. परंतु ती रक्कम मिळाली असती तरी विभाजनाचा हा प्रश्न सुटला नसता.

तीन उदाहरणे :
नागपूर एम्सची घोषणा जुलै २०१४ च्या केंद्रीय अर्थसंकल्पात झाली. ऑक्टोबर २०१५ मध्ये १५७७ कोटी रुपयांच्या खर्चास मंत्रिमंडळाची मान्यता मिळाली, २०१८ मध्ये मेडिकलच्या परिसरात पहिली तुकडी बसली, २०१९ मध्ये मिहान येथे बाह्यरुग्ण विभाग सुरू झाला आणि ११ डिसेंबर २०२२ रोजी संस्थेचे लोकार्पण झाले. आठ वर्षे हा काळ थोडा नव्हे, पण येथे बांधकाम व चालविण्याचा खर्च यांमागे केंद्राची एकच योजना होती. याउलट गोंदियाचे शासकीय वैद्यकीय महाविद्यालय २०१६ मध्ये विद्यमान रुग्णालयांच्या आधाराने सुरू झाले; त्याच्या स्वतंत्र इमारतीची कोनशिला बसली ती फेब्रुवारी २०२४ मध्ये. दरम्यान तेथून तुकड्या पदवी घेऊन बाहेर पडल्या होत्या!

तिसरे उदाहरण नागपूरच्याच मानकापूर येथील १०० खाटांच्या जिल्हा रुग्णालयाचे. दोन वैद्यकीय महाविद्यालये असल्याने शहरात स्वतंत्र जिल्हा रुग्णालय नव्हते. परिणामी साधा ताप वा किरकोळ शस्त्रक्रिया यांसाठीही रुग्ण अध्यापन रुग्णालयात येत राहिले. ही उणीव भरून काढण्यासाठी आखलेला हा प्रकल्प गेल्या दशकाच्या पूर्वार्धातील. दशक सरले तरी तेथे रुग्ण दाखल होऊ शकले नाहीत. शंभर खाटांना सुपर स्पेशालिटीचे वलय नसते, म्हणून त्यांच्या पाठपुराव्यालाही फारसे कोणी नसते.

कळमन्याच्या दृष्टीने मिहान शहराच्या दुसऱ्या टोकाला आहे. म्हणून या भागाला अधिक महत्त्व आहे ते कामठी मार्गावरील डॉ. बाबासाहेब आंबेडकर रुग्णालय व संशोधन केंद्राचे. अनेक वर्षे बाह्यरुग्ण सेवेपुरत्या मर्यादित राहिलेल्या या केंद्रासाठी ६१५ खाटांचा विस्तार आखण्यात आला आहे. त्याची प्रगती तपासताना किती मजले चढले याआधी दोन गोष्टी पाहाव्या लागतील : पदनिर्मितीचा शासन निर्णय निघाला काय, आणि २२१० खाली पहिल्या वर्षाच्या वेतनाची तरतूद झाली काय.