हापूसच्या हंगामातला ३१ मार्च

देवगड तालुक्यातल्या मिठबावच्या बागांत हापूसचे साल पावसाळ्यात सुरू होते. जुलै-ऑगस्टमध्ये कलमाच्या विस्ताराचा व्यास मोजायचा आणि त्या मापाने कल्टार हे वाढरोधक पाण्यात मिसळून बुंध्याभोवती घालायचे. थंडी पडली की मोहोर, मग मार्चपासून मेपर्यंत काढणी. वर्षाआड धरणारा हापूस दरवर्षी धरावा यासाठीची ही मात्रा दापोलीच्या डॉ. बाळासाहेब सावंत कोकण कृषी विद्यापीठाच्या प्रयोगांतून आली. आज ती बागायतदारांना तोंडपाठ आहे. तिच्यामागचे शास्त्रज्ञही काहींना ठाऊक असतात. पण प्रयोगाला मजूर, औषध आणि उपकरणे वेळेवर मिळावीत म्हणून राबणारे संशोधनाचे प्रशासन सहसा कुणाच्या नजरेस पडत नाही.

विद्यापीठ १८ मे १९७२ रोजी स्थापन झाले. वेंगुर्ल्याचे फळ संशोधन केंद्र त्याहून जुने, १९५७चे. देवगड तालुक्यात रामेश्वरला आंबा संशोधन उपकेंद्र आहे. मोहोरावर फुलकिडे वाढले किंवा कापलेल्या फळात साका, म्हणजे आतून खराब झालेला गर, निघाला, की बागायतदाराचा प्रश्न या केंद्रांकडे जातो. तिथून तो प्रयोगाचा आराखडा होऊन दापोलीच्या संशोधन संचालकांपर्यंत पोचतो. नवे वाण, अवजारे आणि शिफारशी अखेर ‘संयुक्त ॲग्रेस्को’ या संशोधन बैठकीत मांडल्या जातात. राज्याच्या चारही कृषी विद्यापीठांचे शास्त्रज्ञ तिथे आकडे तपासतात, शंका काढतात. ही चाळणी पार केलेली शिफारसच शेतकऱ्याला द्यायची, हा चांगला दंडक आहे.

प्रश्न वर जातो, तसा पैसा खाली यावा लागतो. पगार आणि प्रक्षेत्रांचा खर्च मुख्यतः राज्य शासनाकडून येतो. भारतीय कृषी अनुसंधान परिषदेच्या अखिल भारतीय समन्वित प्रकल्पांत केंद्राचा वाटा ७५ टक्के, राज्याचा २५. याशिवाय ठरावीक मुदतीचे प्रकल्प असतात. प्रत्येकाचे लेखाशीर्ष वेगळे, अहवालाचा नमुना वेगळा. वर्ष सरले की उपयोगिता प्रमाणपत्र द्यायचे, ते पोचले की पुढचा हप्ता.

खरी अडचण दोन सालांच्या न जुळण्यात आहे. शासनाचे आर्थिक वर्ष ३१ मार्चला संपते, तेव्हा हापूसची काढणी ऐन भरात येत असते. ऑगस्टमध्ये दिलेल्या मात्रेचे फळ एप्रिल-मेमध्ये मोजायचे, म्हणजे एकच प्रयोग दोन आर्थिक वर्षांत विभागला जातो. नोंदींसाठी माणसे सर्वांत जास्त लागतात त्याच आठवड्यांत जुन्या वर्षाचा हिशेब मिटवायचा असतो आणि नव्या वर्षाची तरतूद हाती यायची असते. कारखान्यातला प्रयोग महिनाभर पुढे ढकलता येतो. मोहोर एकदा गळला की ते निरीक्षण वर्षभरासाठी गेले.

वाण निर्माण करायचे म्हटले तर काळ आणखी लांबतो. नीलम आणि हापूस यांच्या संकरातून वेंगुर्ल्यात तयार झालेला ‘रत्ना’ १९८१ साली प्रसारित झाला. त्याचा पुन्हा हापूसशी संकर करून अतिशय पातळ कोयीचा ‘सिंधू’ आला तो १९९२ साली. आंब्याचे रोप फळाला यायलाच कित्येक वर्षे घेते. त्यामुळे तीन वर्षांच्या प्रकल्पात असे काम बसवता येत नाही. केंद्र आणि माणसे टिकून राहिली म्हणून हे वाण मिळाले. ज्या अमेरिकी विद्यापीठांच्या धर्तीवर आपली कृषी विद्यापीठे उभी राहिली, त्यांच्या प्रयोगकेंद्रांना १८८७च्या हॅच कायद्याने दरवर्षीच्या निधीची हमी दिली होती. तिथे प्रयोगकेंद्र हे कायम चालवायचे काम मानले गेले.

आपल्याकडेही हालचाल सुरू आहे. २०२४च्या फेब्रुवारीत अनुसंधान नॅशनल रिसर्च फाउंडेशनचा कायदा अमलात आला. संशोधनासाठी पाच वर्षांत ५०,००० कोटी रुपयांचे उद्दिष्ट ठेवले गेले. २०२५च्या जूनमध्ये केंद्राने वैज्ञानिक संस्थांसाठी खरेदीचे नियम सैल केले. दरपत्रकाशिवाय थेट खरेदीची मर्यादा एक लाखावरून दोन लाखांवर गेली, खरेदी समितीची दहा लाखांवरून पंचवीस लाखांवर. केंद्रीय संस्थांना मिळालेली अशी मोकळीक राज्याच्या विद्यापीठांनाही मिळायला हवी.

मात्र नियम बदलले तरी ते राबवायला जाणती माणसे लागतात. प्रस्ताव मागवल्याची सूचना हेरणे, अंदाजपत्रक आखणे, करार वाचणे, हप्त्यांचा पाठपुरावा करणे हे स्वतंत्र कौशल्य आहे. २०१८ साली संशोधनाला निधी देणाऱ्या इंडिया अलायन्स या संस्थेने संशोधन व्यवस्थापनाचा उपक्रम सुरू केला, तो याच जाणिवेतून. हे काम शास्त्रज्ञाने बागेतून परतल्यावर रात्री करायचे, ही अपेक्षा चुकीची आहे.

कोकण कृषी विद्यापीठाला आणि त्याच्यासारख्या प्रत्येक राज्य विद्यापीठाला प्रशिक्षित कर्मचाऱ्यांचा कायमस्वरूपी अनुदान कक्ष मिळावा. पिकाच्या हंगामानुसार हप्ते यावेत, अखर्चित रक्कम आपोआप पुढच्या वर्षी वापरता यावी आणि उपकेंद्राच्या प्रमुखाला काढणीच्या दिवसांत मजूर लावण्याचा अधिकार असावा. यातल्या एकाही गोष्टीसाठी नवा शोध लागण्याची गरज नाही. राज्याच्या कृषी आणि वित्त विभागांनी एकत्र बसून हा निर्णय पुढच्या मोहोराआधी घ्यावा.